चौदा महिन्यांत एक बाउट: नागपूरच्या एका महिला बॉक्सरचं प्रकरण

व्यावसायिक बॉक्सिंगच्या करारावर सही झाली तेव्हा ती २३ वर्षं ५ महिन्यांची होती. करारातून सुटली तेव्हा २४ वर्षं ७ महिन्यांची. मधल्या चौदा महिन्यांत ती रिंगमध्ये एकूण आठ मिनिटं लढली. दोन-दोन मिनिटांचे चार राउंड, एकच बाउट, म्हणजे लढत, आणि तीही जिंकली.

हे प्रकरण मी तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने लिहिते आहे. तिचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. प्रमोटरचं, म्हणजे लढती भरवणाऱ्याचं, नावही देत नाही, तसं समझोत्यातच ठरलं आहे. मी तिची कोच. ती १३ वर्षांची असल्यापासून माझ्याकडे सराव करते. सही कर असा सल्ला माझाच होता, म्हणून कुठे चुकलं ते लिहिण्याची जबाबदारीही माझी आहे.

घर उत्तर नागपुरात, इंदोऱ्याच्या बाजूला. वडिलांचा पानठेला, आई अंगणवाडीत मदतनीस, एक धाकटा भाऊ. मुलगी ५७ किलोत खेळायची. उंची बरी, डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, लांब, पायांत हालचाल भरपूर. राज्य पातळीवर दोनदा सुवर्ण आणि राष्ट्रीय पातळीवरचं एक कांस्य तिच्या नावावर होतं. भारताच्या संघात ती कधी नव्हती. आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या बॉक्सर याच पायरीवर थांबतात, आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल कुणी काही लिहीत नाही.

२०२१ मध्ये आपल्या नागपूरची अल्फिया पठाण पोलंडमधल्या किएल्सेला युवा जागतिक विजेती झाली, तेव्हा आमच्या क्लासच्या मुली दोन दिवस हवेत होत्या. पुढच्या वर्षी, ३० एप्रिल २०२२ ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो या व्यावसायिक बॉक्सर लढल्या. त्या जागेवर महिलांची लढत मुख्य लढत म्हणून होण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवसापासून आमच्या या मुलीच्या डोक्यात प्रो, म्हणजे व्यावसायिक बॉक्सिंग, बसलं. माझ्या हातातल्या पॅडवर ठोसे मारताना ती सेरानोसारखा खालून वर येणारा डावा मारून बघायची आणि मी ओरडायची, की तुझा गार्ड सेरानोचा नाही.

ऑफर आली डिसेंबर २०२३ मध्ये. बाहेरच्या राज्यातला प्रमोटर, तीन वर्षांचा करार, पहिल्या बाउटला ३० हजार रुपये पर्स, म्हणजे लढतीचं मानधन, पुढे जिंकत गेली तर वाढत जाणारी. त्याच आठवड्यात रेल्वेच्या खेळाडू कोट्यातल्या भरतीबद्दल माझ्या एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला होता. तीही बॉक्सरच, आता रेल्वेत नोकरीला. ती म्हणाली, "पोरीला फॉर्म भरायला लाव, वय निघून जाईल." या भरतीत वयाची अट १८ ते २५ असते आणि तिथे कुठल्याच प्रवर्गाला वयात सवलत नसते. शिवाय पदक चालतं ते जाहिरातीत ठरवून दिलेल्या अलीकडच्या काळातलंच. जुनं पदक कपाटात राहतं, फॉर्मवर चालत नाही.

म्हणजे तिच्यासमोर दोन दारं होती, आणि त्यातलं एक हळूहळू आपोआप बंद होत होतं. हे मला माहीत होतं. मी त्याला वजन दिलं नाही.

का दिलं नाही, तेही सांगते. २०२३ चा डिसेंबर आठवा. त्याच जूनमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुन्या जागतिक बॉक्सिंग संघटनेची मान्यता कायमची काढून घेतली होती. लॉस एंजेलिस २०२८ च्या सुरुवातीच्या खेळांच्या यादीत बॉक्सिंग नव्हतंच. एप्रिल २०२३ मध्ये 'वर्ल्ड बॉक्सिंग' ही नवी संघटना उभी राहिली होती, पण तिचं पुढे काय होईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आम्ही कोच मंडळी मानकापूरच्या क्रीडा संकुलाबाहेर चहा पिताना हेच बोलायचो, की ऑलिंपिकमधूनच खेळ गेला तर हौशी बॉक्सिंगला पैसा कोण देईल? त्यामुळे प्रोचा रस्ता मला जास्त भक्कम वाटला. तो अंदाज साफ चुकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंगला तात्पुरती मान्यता मिळाली आणि मार्चमध्ये २०२८ साठी बॉक्सिंग परत आलं. आमची मुलगी करारातून सुटली तो महिना नेमका तोच फेब्रुवारी.

करार इंग्रजीत होता. तो घेऊन मी त्यांच्या घरी गेले. तिचे वडील संध्याकाळी ठेला भावाकडे सोडून आले होते. एकेक कलम मी मराठीत सांगत गेले. पर्सचं कलम झालं, प्रवासाचं झालं. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, भाव तं चांगला देऊन राहिले. पन गिऱ्हाईक वर्षातून किती डाव येईन, ते लिवलं आहे का?"

मी म्हटलं, "वर्षाला चार बाउट."

करारात 'चार' होतं, हे खरं. पण पूर्ण वाक्य असं होतं की, प्रमोटर वर्षाला चार बाउट मिळवून देण्याचा योग्य तो प्रयत्न करील. 'प्रयत्न' हा शब्द मी भाषांतर करताना गिळला. मुद्दाम नाही. मला तो वकिली भाषेतला भरणा वाटला. पुढचं सगळं प्रकरण त्या एका शब्दात होतं, आणि आयुष्यभर उधारी-रोखीचा हिशेब केलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी बोट नेमकं तिथे ठेवलं होतं.

हौशी आणि व्यावसायिक बॉक्सिंगमधला फरक विचारला की लोक हेडगार्ड, हातमोजे, पैसा असं सांगतात. ते फरक आहेतच. पण करिअरच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक तारखांचा आहे. हौशी खेळात तारखा संघटना ठरवते. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, विद्यापीठ, खेलो इंडिया. वेळापत्रक मागेपुढे होतं, भांडणं होतात, तरी वर्षातून चार-सहा वेळा तुम्हाला कुणीतरी समोर उभं करतं. त्यासाठी तुमची तिकिटं विकली जावी लागत नाहीत. प्रोमध्ये कुणीतरी हॉल भाड्याने घेतो, प्रायोजक शोधतो, डॉक्टर आणि रेफरीची सोय करतो, तुमच्या वजनाची दुसरी बाई शोधतो, तिला पैसे देतो, तेव्हा तुमची एक तारीख जन्माला येते. आपल्या देशात प्रो खेळणाऱ्या बायका मोजक्या. ५७ किलोच्या आसपास, दोन-चार बाउट झालेली, परवाना असलेली, वैद्यकीय कागद पुरे असलेली मुलगी शोधायला प्रमोटरला महिने लागतात. परदेशातून आणायची तर विमानभाडंच पर्सपेक्षा जास्त होतं.

केटी टेलरचं उदाहरण आम्ही सतत द्यायचो, पण ते नीट वाचलं नव्हतं. २०१२ चं ऑलिंपिक सुवर्ण गळ्यात घेऊन ती नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रो झाली. सेरानोसमोर उभी राहिली तेव्हा तिच्या नावावर २० बाउट आणि २० विजय होते. साडेपाच वर्षांत वीस, म्हणजे सव्वातीन-साडेतीन महिन्यांना एक. सेरानोच्या तर त्याआधीच ४४ झाल्या होत्या. त्यांच्या ताकदीबद्दल, त्यांच्या पैशाबद्दल आम्ही बोलत राहिलो. त्यांना सतत रिंग मिळत होती, हे आमच्या बोलण्यात कधी आलंच नाही.

सही झाली. आता तयारी.

तांत्रिक बाजूवर मी थोडी जास्त थांबते, कारण तिथे आम्ही मेहनत घेतली आणि ती फळाला आली. महिला हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांचे तीन राउंड असतात. प्रोमध्ये बायकांचा राउंड दोन मिनिटांचा, विजेतेपदाच्या लढतीतही जास्तीत जास्त दहा. पुरुषांना तीन मिनिटांचे बारा. या दोन मिनिटांवरून मोठा वाद आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेरानोने बारा राउंड तीन-तीन मिनिटांचे लढून दाखवले आणि त्याला तयार नसलेल्या एका संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा नंतर परत केला. मला स्वतःला वाटतं की दोन मिनिटांचा राउंड बायकांचं नुकसान करतो. समोरचीला थकवून, शरीरावर मारून जागा उघडायची तर वेळ लागतो. जागा उघडते आणि घंटा होते. मग नॉकआउट कमी होतात, मग 'बायकांच्या लढतीत मजा नाही' म्हणणारे तयारच असतात.

पण हिच्यापुढे प्रश्न उलटा होता. तिला तीन मिनिटांची सवय. पहिला अर्धा मिनिट ती समोरचीला वाचायची. आठ मिनिटांच्या बाउटमध्ये प्रत्येक राउंडला अर्धा मिनिट वाचनात गेला तर दोन मिनिटं, म्हणजे पाव बाउट गेली. आम्ही घंटेबरोबर पुढे जायची सवय लावली. हौशीत या वजनाला १० औंसाचे मोजे, प्रोमध्ये ८ औंसाचे. दोन औंस ऐकायला काहीच नाही, पण लागलेला पंच वेगळाच कळतो. हेडगार्ड नाही, त्यामुळे कपाळ पुढे घालून क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकींना धरून ठेवण्याच्या झोंबीत, शिरायची तिची जुनी खोड धोक्याची झाली. ती मोडायला तीन महिने पुरले नाहीत, हे पुढे कळलं.

वजनाचं गणितही बदललं. हौशी स्पर्धेत बाउटच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहावं लागतं, तेही स्पर्धा चालेल तितके दिवस. त्यामुळे तिथे फार वजन उतरवणं परवडत नाही. प्रोमध्ये वजन आदल्या दिवशी. फेदरवेट या तिच्या वजनगटाची मर्यादा १२६ पौंड, म्हणजे ५७.१५ किलो. सगळ्याच बायका वरून उतरून येतात आणि एका दिवसात पाणी भरून पुन्हा वर जातात. हिचं सरावातलं वजन तेव्हा ६१ होतं.

बाउट मे महिन्यात ठरली. नागपूरचा मे. सकाळी साडेपाचला सेमिनरी हिल्सचा चढ पळायचा, सात वाजता घरात, संध्याकाळी साडेसातच्या आधी सराव नाही. त्याच महिन्याच्या अखेरीला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि हवामान खात्याला ती यंत्राची चूक असल्याचं सांगावं लागलं, पण खरा पाराही पंचेचाळीसच्या आसपास होता. प्रमोटरच्या माणसाने फोनवर सांगितलं, "स्वेट सूट घालून दुपारी पळवा, दोन दिवसांत चार किलो जाईल." मी नाही म्हटलं. त्या उन्हात प्लास्टिक घालून पळवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. आम्ही सात आठवडे आधीपासून जेवणातून वजन खाली आणलं. तिची पाळी बाउटच्या आठवड्यातच येणार होती, आणि त्या दिवसांत तिच्या अंगात किलो-दीड किलो पाणी धरून राहतं. हे तिने मला सांगितलं म्हणून हिशेबात धरता आलं. पुरुष कोचला मुली हे सांगत नाहीत, आणि मग शेवटच्या दिवशी काटा हलत नाही म्हणून रडतात. आहार फार कापला की पाळीच थांबते, हाडं कमजोर होतात. अशा दोन मुली मी पाहिल्या आहेत, त्यामुळे तिच्या पाळीच्या तारखा मी वहीत लिहून ठेवते.

वैद्यकीय कागदांची यादी मोठी. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, डोळ्यांची तपासणी, मेंदूचा एमआरआय, बायकांना गरोदरपणाची चाचणी. करारात हा खर्च प्रमोटरचा होता. 'आधी तुम्ही करा, मग देऊ' असं झालं. तिच्या आईने भिशीतून पैसे उचलले.

बाउट चांगली झाली. समोरची मुलगी तीन बाउट जुनी, ताकदवान, पण सरळ रेषेत येणारी. पहिल्या दोन राउंडमध्ये हिने जॅबवर तिला थांबवून ठेवलं. तिसऱ्यात क्लिंचमध्ये डोकी आपटली आणि हिच्या डाव्या भुवईवर फाटलं. रेफरीने मुद्दाम मारलेलं नाही असं ठरवलं, डॉक्टरने बघून पुढे खेळू दिलं. कॉर्नरमध्ये ॲड्रिनलिनचा बोळा दाबून धरायला मला एक मिनिट मिळालं. तिने विचारलं, "ताई, दिसायला खूप वाईट आहे का?" मी म्हटलं, "तुला समोरची दिसते ना? बस." चौथा राउंड तिने रक्त पुसत काढला. तिन्ही पंचांनी तिला दिलं, दोघांनी ३९-३७, एकाने ४०-३६. भुवईला पाच टाके पडले.

पर्सचे १५ हजार त्याच रात्री मिळाले. उरलेले १५ 'हिशेब झाल्यावर'.

टाके भरेपर्यंत बाउट बंद, यात वावगं काही नव्हतं. पण करारात आणखी एक कलम होतं, तेही मी हलकं घेतलं होतं. दुखापतीत गेलेला काळ कराराच्या मुदतीत धरायचा नाही, मुदत तेवढी पुढे सरकणार. म्हणजे ती बसून राहिली की करार लांबतो.

दुसरी बाउट सप्टेंबरच्या सुरुवातीला ठरली. पोळ्याचा आठवडा. इतवारीत मारबतीची मिरवणूक निघते त्या दिवशी आम्ही रेल्वेत होतो. पोचलो, वजन केलं, हिचं ५७ च्या खाली. समोरची मुलगी तीन किलो जास्त आणि तिचा परवानाच संपलेला. बाउट रद्द. पर्स नाही, कारण करारात पर्स लढल्याची होती, हजर राहिल्याची नाही. सात आठवडे जेवण मोजून खाल्लेली ती पोर स्टेशनवर बसून सहा केळी खाऊन गेली आणि एक शब्द बोलली नाही.

तिसरी नोव्हेंबरमध्ये होणार होती, ती डिसेंबरवर गेली, मग 'जानेवारीत नक्की'. या काळात ती जिल्हा स्पर्धा खेळू शकत नव्हती. करारात लिहिलं होतं की प्रमोटरच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही रिंगमध्ये उतरायचं नाही. परवानगी मागितली तर उत्तर यायचं की दुखापत झाली तर जबाबदार कोण? वास्तविक प्रो झालेल्या बॉक्सरला हौशी खेळात परत यायचा रस्ता २०१६ पासून मोकळा आहे, रिओ ऑलिंपिकपासून प्रो बॉक्सर तिथेही खेळू शकतात. आपल्याच सरिता देवीने जानेवारी २०१७ मध्ये इंफाळला प्रो लढत जिंकली आणि २०१८ मध्ये ती दिल्लीच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. हिची वाट खेळाच्या नियमांनी अडवली नव्हती. तिने सही केलेला कागद आडवा होता.

डिसेंबरात तिचे वडील माझ्याकडे आले. चिडले नव्हते, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "मॅडम, पोरगी रात्री झोपत नाही. खाऊन राहिली, सोडून राहिली, वजन वर-खाली. तिले काम पायजे. हे बंधन सुटते का, तेवढं पाहा."

मग आम्ही सिव्हिल लाइन्सला एका वकीलबाईंकडे गेलो. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात त्यांची वकिली चालते. सहीच्या आधी जायला हवं होतं तिथे आम्ही वर्ष गेल्यावर पोचलो. त्यांनी करार दोनदा वाचला आणि आम्हाला जे समजावलं ते खेळाडूंच्या कामाचं आहे, म्हणून लिहिते.

आपल्याकडचा करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे कुणालाही त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. हे ऐकून आम्ही खूश झालो. त्यांनी लगेच थांबवलं. करार चालू असताना 'दुसरीकडे काम करू नको' ही अट न्यायालयं सहसा मान्य करतात. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये कल्याणच्या एका कारखान्याच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात तसं म्हटलं आहे. करार संपल्यावरही तुम्हाला बांधून ठेवणारी अट मात्र टिकत नाही. ते तत्त्व एका खेळाडूच्याच प्रकरणात स्पष्ट झालं. आपला श्रीरामपूरचा झहीर खान आणि त्याची जाहिरातींची कामं बघणारी कंपनी यांच्यातल्या खटल्यात २००६ मध्ये निकाल झहीरच्या बाजूने लागला. पण आमचा करार तर चालू होता. मग?

त्यांनी तिसरा मुद्दा काढला. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३, कलम ४२. अशा करारात कुणाला 'दुसरीकडे जाऊ नको' असा मनाई हुकूम मागता येतो, पण मागणाऱ्याने स्वतःच्या वाट्याचा करार पाळलेला असला पाहिजे. आणि कुणाला जबरदस्तीने रिंगमध्ये उतरवण्याचा आदेश तर कोर्ट देणारच नाही. म्हणजे प्रश्न आला तो इथे, की प्रमोटरने त्याचा वाटा पाळला का? त्याने कबूल केलं होतं 'प्रयत्न' करण्याचं. वर्षाला चार कबूल करून चौदा महिन्यांत एक दिली तर प्रयत्न केला म्हणायचं का? वकीलबाई म्हणाल्या, "कोर्टात आपली बाजू चांगली आहे. पण निकाल येईल तेव्हा मुलगी किती वर्षांची असेल, ते सांगा."

अमेरिकेत २००० सालापासून मुहंमद अलींच्या नावाचा कायदा आहे. बॉक्सरला जबरदस्तीने लांबच्या करारात अडकवण्यावर त्यात मर्यादा घातली आहे, आणि प्रमोटरने बॉक्सरच्या मॅनेजरकीत हात घालायचा नाही असंही त्यात आहे. आपल्याकडे प्रो बॉक्सरसाठी असा वेगळा कायदा नाही. जे आहे ते कागदावर तुम्ही लिहून घ्याल तेवढंच.

म्हणून खटला केला नाही. नोटीस पाठवली. त्यात तारखा लिहिल्या, फक्त तारखा. कधी बाउट ठरली, कधी रद्द झाली, परवानगी कधी मागितली, उत्तर कधी आलं. ही सगळी नोंद माझ्या वहीत होती, तेवढं एक मी बरोबर केलं होतं. समोरून आधी खर्चाची वसुली मागणारं पत्र आलं. मग दोन-तीन फोन झाले, आवाज खाली आले. शेवटी तिने पर्सचे उरलेले १५ हजार आणि एमआरआयचा खर्च सोडून द्यायचा, आणि त्यांनी तिला सोडायचं, असं ठरलं. फेब्रुवारीत कागद झाला.

प्रमोटर लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याचे दोन कार्यक्रम प्रायोजक मागे गेल्यामुळे बुडाले, हे आम्हाला नंतर कळलं. त्याच्याकडे तारखा नव्हत्याच. नसलेल्या तारखांवर त्याने दहा-बारा मुलामुलींच्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या, माझी तक्रार तेवढ्यावर आहे.

सुटल्यावर तिच्याकडे पंचविशी पूर्ण व्हायला पाच महिने होते. त्या हंगामातली राज्य संघाची निवड होऊन गेली होती. पुढची जिल्हा चाचणी तिने सहज काढली. राज्य स्पर्धेत उपांत्य फेरीत अकोल्याची १९ वर्षांची मुलगी समोर आली. अकोल्याच्या मुली लहानपणापासून बॉक्सिंगच्या वातावरणात वाढतात, थकत नाहीत. हिने पहिला राउंड घेतला. पण दोन मिनिटं झाली की तिचे हात खाली यायला लागले. शरीराने वर्षभर दोनच मिनिटांचा हिशेब केला होता, आणि प्रत्येक राउंडचं शेवटचं मिनिट त्या मुलीचं गेलं. पाच पंचांत ३-२ ने हरली. मी व्हिडिओ चार वेळा पाहिला, निर्णय बरोबर होता. रेल्वेच्या फॉर्मसाठी लागणारं ताजं पदक मिळालं नाही, आणि जुलैत तिने पंचविशी पूर्ण केली.

सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत भिवानीची जैस्मिन लांबोरिया ५७ किलोत विश्वविजेती झाली. तो अंतिम सामना हिने माझ्याच घरी बसून पाहिला. बघून झाल्यावर बराच वेळ ती गप्प होती. मला वाटलं दुःख होत असेल. विचारलं तर म्हणाली, "नाही ताई, तिचा उजवा बघत होते. टाकते आणि लगेच बाजूला होते. आपण तो पाय चुकीचा शिकलो."

मी तिच्याकडे माफी मागितली आहे. घरच्यांसमोर, त्या 'प्रयत्न' शब्दासकट. तिचं म्हणणं माझ्यापेक्षा वेगळं आहे आणि ते इथे यायला हवं. ती म्हणते, ती आठ मिनिटं काढून घ्याल तर माझ्याकडे बॉक्सिंगचं काय उरतं? हेडगार्डशिवाय, स्वतःच्या नावाने, दिव्याखाली उभी राहिले, ते मला हवंच होतं. मी सही पुन्हा करीन, पण वाचून करीन. यावर माझ्याकडे उत्तर नाही. कोच म्हणून मी तिची नोकरी मोजत होते. ती दुसरंही काही मोजत होती आणि तो हक्क तिचाच आहे.

सध्या ती पोलीस भरतीची तयारी करते आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि वयातही सवलत आहे, त्यामुळे ते दार अजून उघडं आहे. क्रीडा प्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी क्रीडा उपसंचालक कार्यालयात कागद दिले आहेत. रोज पहाटे ८०० मीटर आणि १०० मीटर पळते, गोळाफेक करते. गोळा तिला जमत नाही. खांदा बॉक्सरचा, तो सरळ पंच मारल्यासारखा ढकलते आणि गोळा पुढे जाण्याऐवजी खाली पडतो. संध्याकाळी माझ्याकडच्या लहान मुलींना तीच पॅड धरून सराव देते.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका प्रमोटरचा निरोप आला. सहा राउंड, पर्स आधीपेक्षा चांगली. या वेळी तिने मला विचारलं नाही, मला दाखवलं. वडिलांना बाजूला बसवून तिने स्वतः उत्तर लिहिलं होतं. करार एकाच बाउटचा करा. तारीख आणि समोरच्या मुलीचं नाव कागदावर घाला. वजन करून हजर राहिल्यावर बाउट झाली नाही तर अर्धी पर्स द्या. वैद्यकीय तपासण्यांचे पैसे आधी द्या. मधल्या काळात जिल्हा आणि राज्य स्पर्धा खेळायची मोकळीक लिहून द्या. वकीलबाईंनी त्यात एक शब्द बदलला, बाकी तसंच ठेवलं.

उत्तर अजून आलेलं नाही. वजन तिने ५९ वर धरून ठेवलं आहे.